थंडीतले वादळ

वादळ म्हटले की आपल्याला जून महिना आठवतो. काळे ढग, विजा आणि शाळेच्या कौलांवर धो धो पाऊस. पण माझे आजोबा म्हणतात की पावसाळ्यातल्या वादळापेक्षा थंडीतले वादळ वाईट. मला आधी हे खोटेच वाटले. थंडीत तर आकाश निळे असते, समुद्र तळ्यासारखा शांत असतो. मग मी आजोबांना आणि आमच्या बाईंना खूप प्रश्न विचारले आणि हा लेख लिहिला. आजोबा चाळीस वर्षे होडीवर होते, म्हणून त्यांचे पुष्कळ ऐकले आहे.

आजोबांनी एकाच वाक्यात उत्तर दिले, "पावसात होडी वर आसता, थंडीत ती दर्यात आसता." म्हणजे असे की जून-जुलै महिन्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून, झावळांनी शाकारून ठेवतात. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचे वादळ रायगड जिल्ह्यात आले. त्याने घरांचे पत्रे उडवले, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पण बऱ्याच होड्या तेव्हा वर ओढलेल्या होत्या. नोव्हेंबर-डिसेंबरात तसे नसते. तेव्हा सगळ्यांचे बाबा, काका, मामा पाण्यात असतात. काही मोठ्या बोटी तर आठ-आठ दिवस परत येत नाहीत. किनाऱ्यापासून लांब गेले की मोबाईल लागत नाही. मग घरी बातम्यांत वादळ कळते आणि ज्याला कळायला हवे त्यालाच कळत नाही.

आता वादळ होते कसे ते सांगते. समुद्राचे पाणी उन्हाने तापते. ते साधारण २६-२७ अंशांच्या वर तापले की त्यावरची हवा गरम व ओली होऊन वर जाते. आपल्या चुलीचा धूर वर जातो आणि दारातून गार वारा आत येतो ना, तसेच. वर गेलेल्या वाफेचे ढग होतात. ढग होताना त्यातून उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा अजून वर जाते आणि चहूबाजूंनी आणखी वारा आत धावतो. पण पृथ्वी फिरते म्हणून हा वारा सरळ मध्ये येत नाही, वाकडा होतो आणि गोल फिरायला लागतो. आपल्या देशाकडे तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात. मोठ्या वादळाच्या अगदी मध्यभागी वारा पडतो, त्याला वादळाचा डोळा म्हणतात. डोळा डोक्यावर आला की माणसांना वाटते संपले वादळ, आणि ती बाहेर येतात. मग उलट्या बाजूने पुन्हा वारा सुटतो.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो पण चक्रीवादळे कमी होतात. ती पावसाच्या आधी एप्रिल ते जूनमध्ये आणि पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त होतात. हे मला माहीत नव्हते. बाई म्हणाल्या की पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेला आणि खूप वरचे वारे दुसऱ्या दिशेला जोरात वाहतात, त्यामुळे वादळाला नीट उभेच राहता येत नाही. भोवऱ्याला वरून टपली मारली तर तो पडतो, तसे.

आमच्याकडे दोन थंडीतली वादळे सगळ्यांना आठवतात. पहिले फयान. ते ११ नोव्हेंबर २००९ ला आले. तेव्हा माझा जन्म नव्हता. दिवाळी नुकतीच झाली होती आणि होड्या समुद्रात होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी होड्या बुडाल्या. आमच्या वाडीतली एक होडी परत आली नाही. त्या घरातली काकी अजून बाजारात मासळी विकते आणि मला दर वेळी एक बांगडा जास्त देते. तिला फयानाचे विचारायचे नाही असे आईने सांगितले आहे, म्हणून मी विचारले नाही.

दुसरे ओखी. ते २०१७ साली आले. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, पण घरात त्याच्या इतक्या गोष्टी सांगतात की मला आठवते असेच वाटते. ओखी हे नाव बांगलादेशाने दिले होते आणि बंगाली भाषेत त्याचा अर्थ डोळा असाच आहे. हिंदी महासागराच्या बाजूचे देश आधीच नावांची यादी करून ठेवतात आणि वादळ झाले की यादीतले पुढचे नाव देतात. आता असे तेरा देश आहेत.

२९ नोव्हेंबरला ओखी श्रीलंकेजवळ नुसता कमी दाबाचा पट्टा होता. ३० तारखेला सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झालेसुद्धा! एका दिवसात. तिकडचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. तामिळनाडू आणि केरळचे शेकडो मच्छीमार त्यात गेले. मग ते लक्षद्वीप बेटांवरून उत्तरेला वळले आणि आपल्या किनाऱ्याला समांतर वर येऊ लागले. वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेला होता.

२ डिसेंबरच्या पहाटे बाबा आणि काका निघाले होते. होडीत बर्फ भरला होता, डिझेल भरले होते. आजोबा नेहमीप्रमाणे वाळूवर जाऊन उभे राहिले. थंडीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार वारा येतो, त्याला मतलई वारा म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात आहे. होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. त्या दिवशी तो आलाच नाही. दक्षिणेकडून दमट वारा येत होता. आणि लाटा लहान-लहान न येता लांब-लांब, सावकाश आणि जड येत होत्या. वादळ दूर असले तरी त्याच्या लाटा त्याच्या आधी येऊन पोचतात, हे बाईंनीही सांगितले. आजोबा म्हणाले, "आज मतलय नाय. दर्यात जाव नकात."

बाबा चिडले. कारण बर्फ थांबत नाही, तो वितळतो. त्याचे पैसे उधार होते. आई म्हणते, दोघे असे भांडले की शेजारचे उठून आले. शेवटी काकांनी नांगर परत टाकला. बर्फाचे पाणी झाले.

त्याच सुमारास केरळच्या बोटी आपल्या किनाऱ्याला लागल्या. सिंधुदुर्गात ६८ बोटी आणि ९५२ खलाशी वाचून आले होते. पुष्कळ बोटी देवगड बंदरात होत्या. बाबा बघायला गेले. त्या माणसांची भाषा आपल्या कोणाला येईना. पण भात आणि माशाची कढी त्यांना समजली. काकांनी एकाला घरी फोन लावायला मोबाईल दिला. पलीकडून आवाज आला आणि तो माणूस काहीच बोलला नाही, नुसता रडला. मग मोबाईल हातोहात फिरत गेला आणि काकांना रात्री मिळाला, बॅलन्स संपलेला. बाबा त्या दिवशी घरी येऊन आजोबांच्या पाया पडले. हे मी लिहू नये असे बाबांचे म्हणणे होते, पण आजोबांनी लिही म्हटले.

३ डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणून आजीला तारीख पक्की आठवते. पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, आणि त्यात वादळाच्या लाटा. पाणी नेहमीच्या खुणेच्या पुढे आले आणि वाळूवर ठेवलेली जाळी भिजून वाळूत पुरली गेली. सुकत घातलेले बांगडे आजीने टोपल्यांत भरून घरात आणले, तरी अर्धे वास मारू लागले. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघर, रायगड आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या शाळांना सुट्टी दिली होती. (आमच्या वर्गातली मुले हे ऐकून खूश झाली, पण तेव्हा आपण शाळेतच नव्हतो.) पुढे उत्तरेचे पाणी गार होते आणि वरचे वारे उलटे होते म्हणून ओखी दमले आणि गुजरातला पोचेपर्यंत नुसता पाऊस उरला.

पण तो पाऊसही वाईटच. डिसेंबरात आंब्याला मोहोर येत असतो. पाऊस आणि ढगाळ हवा आली की मोहोर काळा पडून गळतो, तुडतुडे आणि भुरी येते. ज्यांची होडी नाही पण कलमे आहेत, त्यांचे नुकसान मे महिन्यात कळते. बागवाल्या पालकांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता बावट्याविषयी. बंदरावर वादळाची सूचना देण्यासाठी बावटा लावतात. दिवसा खांबावर खुणा आणि रात्री दिवे असतात. त्याचे १ ते ११ नंबर असतात. १ आणि २ म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. ३ आणि ४ म्हणजे आपल्या बंदरालाच त्रास होईल, सावध राहा. ५ ते ७ म्हणजे धोका, ८ ते १० म्हणजे मोठा धोका. ११ नंबरचा अर्थ मला सगळ्यात भीतीदायक वाटला. तो म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. पुष्कळ मुलांना वाटते की तीन नंबर म्हणजे काही नाही, अजून आठ बाकी आहेत. पण तीन नंबर लागला की लहान होडीने बाहेर जायचे नसते.

आता बाबांच्या मोबाईलवर सूचना येते आणि होडीवर वायरलेस आहे. तरी आजोबा पहाटे वाळूवर जातातच. या वर्षी मी पण दोनदा गेले. मतलई वारा कानाला लागतो आणि पाठीमागून येतो, तेव्हा तो बरोबर आहे असे समजायचे.

खाली मी वादळाचे आणि बावट्याचे चित्र काढले आहे. निळा खडू संपला म्हणून समुद्र अर्धाच रंगवला आहे.

– इयत्ता चौथी