जंजिऱ्याचे सिद्दी, खानदेशची पोरे

सचिन (सुरत) : सुरतहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना, भेस्तान मागे टाकून सचिनला येते. भोवती जीआयडीसीचे कारखाने. पाळी सुटली की फाटकाबाहेर गुजराती, हिंदी, ओडियासोबत आपली अहिराणीही कानावर पडते. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे ताप्ती लाईनने कामाला आली आणि इथलीच झाली. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते.

इथल्या मराठी पोरांना ‘सुरत लुटणारे’ हा टोमणा ऐकावा लागतो. घरात गुजराती माणसाबद्दल जे बोलले जाते, तेही पैशापलीकडे जात नाही. असे शिक्के ‘भेदभाव करू नका’ एवढे सांगून पुसत नाहीत. मुलांच्या हाती पुरावा द्यावा लागतो, आणि तो सचिनमध्येच आहे.

१९४८ पर्यंत हे संस्थान होते आणि नवाब होते आफ्रिकी वंशाचे सिद्दी. जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात १७९१ मध्ये पेशव्यांच्या करारानुसार बाळूमियाँ सिद्दीला हा मुलूख मिळाला. मराठी मुलांना सिद्दी ठाऊक असतो तो शत्रू म्हणून. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर त्यांना पाठ असतो. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर धावून गेलेला सिद्दी हिलाल मात्र कुणी सांगत नाही. त्या लढाईत हिलालचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला. आणि अहमदाबादची सीदी सय्यदची जाळी? दगडात कोरलेले झाड, एकमेकींत गुंतलेल्या नाजूक फांद्या, आरपार येणारा उजेड. आयआयएम अहमदाबादचे बोधचिन्ह त्यावरूनच घेतले आहे. काळ्या माणसाला पाहून हसणाऱ्या पोराला आधी ही जाळी दाखवावी.

सुरतेचेही सगळे सांगावे. शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत नागवला. त्याची भरपाई महाराजांनी १६६४ मध्ये मुघलांच्या श्रीमंत बंदरातून वसूल केली. कापुचिन पाद्री अँब्रोज यांच्या घराला त्यांनी हात लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियरने लिहून ठेवले आहे. पण शहर जळाले, सावकारांचे हाल झाले, हेही वर्गात लपवू नये. अर्धा इतिहास ऐकलेले पोर टोमण्याला टोमणाच परत करते.

सुरतेत नातलग असलेल्या वाचकांना एकच विनंती. सुट्टीत ही मुले आली की त्यांना रायगड दाखवा, तसेच मुरूडला नेऊन जंजिराही दाखवा, आणि तिथल्याच सिद्दींची एक शाखा तुमच्या सचिनवर राज्य करत होती, हे त्यांना आवर्जून सांगा.