सातारा व सांगली जिल्ह्यांतील राज्यशास्त्रीय संशोधन

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे राज्यशास्त्रातील पीएच.डी. (विद्यावाचस्पती) संशोधनाचे समृद्ध क्षेत्र आहेत. दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार या पदवीसाठी किमान तीन वर्षांचा कालावधी आवश्यक आहे.

'''प्रतिसरकार आणि जिल्ह्याची सीमा'''

या भागातील सर्वांत परिचित विषय म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार (१९४३–४६). न्यायदान मंडळे, तुफान सेना आणि गावपातळीवरील कारभार यांमुळे ती केवळ भूमिगत चळवळ राहिली नाही; सत्ता कशी उभी राहते, हा राज्यशास्त्राचा मूळ प्रश्नच तिने उपस्थित केला. भूमिगत कार्यकर्ते लेखी पुरावा मागे ठेवण्याचे टाळत. त्यामुळे पोलिसी अहवाल आणि कार्यकर्त्यांच्या आठवणी परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात. केवळ अहवालांवर विसंबणारा अभ्यासक नकळत शासनाचीच भाषा उचलतो.

दुसरी अडचण नकाशाची आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवा ब्रिटिश मुलखात होते, तर प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानात. म्हणून आजची जिल्हासीमा प्रमाण मानल्यास निम्मी कागदपत्रे नजरेआड होतात. औंधने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरतो.

'''गेल ऑम्वेट'''

अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्वेट (१९४१–२०२१) यांनी पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पदवी समाजशास्त्रातील असली, तरी प्रबंधाचा गाभा राजकीय आहे. १९७६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि प्रतिसरकारवरही त्यांनी लिहिले. अभ्यासक्षेत्रच घर व्हावे, असे क्वचितच घडते.

'''आंतरराष्ट्रीय संबंध'''

हा विषय येथे उपरा नाही. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये अनेक वर्षे प्रयत्न केले. त्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याला मोडी लिपी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रजी दप्तर, दोन्ही वाचता यावी लागतात.