तिसरा अंक निघावा म्हणून

शाळेचे हस्तलिखित असो, की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचे भित्तिपत्रक असो, त्याचा पहिला अंक मोठ्या थाटात निघतो. मुखपृष्ठावर रंगीत चित्र असते, आत लांबलचक संपादकीय असते, पाच-सहा कविता असतात. पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटतो. दुसरा अंक जरा उशिरा आणि जरा बारीक निघतो. आणि तिसरा? तिसऱ्याची वाट पाहता पाहता परीक्षा येतात, सुगी येते, आणि फलकावर जुनाच कागद पिवळा पडत राहतो. तुमच्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी हे पाहिले असेल. हौस तर खरी होती. मग घोडे अडले कुठे?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. मराठीत ज्यांनी आरंभी नियतकालिके काढली, त्यांची उदाहरणे आपल्या उपयोगी पडतील.

मूळचे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापलेला असे. असे का? तर वाचणारे दोन प्रकारचे होते. एक आपले मराठी लोक आणि दुसरे इंग्रजी वाचणारे. लेखणी हाती घेण्यापूर्वीच ‘हे कोण वाचणार?’ याचा विचार झालेला होता. आपण हा प्रश्न विचारतच नाही. भिंतीपुढे उभे राहून वाचणार कोण, तर बाजाराला निघालेला शेतकरी, पाण्याला निघालेली बाई, शाळेतून सुटलेला पोरगा. आणि संपादकीय मात्र आपण लिहितो विद्यापीठातल्या पंडितांसाठी! मग ते वाचायला थांबणार कोण?

‘दर्पण’ची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते आरंभी पाक्षिक होते. ४ मे १८३२ पासून, म्हणजे चार महिन्यांनी, ते साप्ताहिक झाले. आधी झेपेल एवढेच अंगावर घेतले, पाय स्थिरावल्यावर वेग वाढवला. आपले उलट असते. आपण साप्ताहिकाची घोषणा करतो, ते पाक्षिक होते, मग मासिक होते आणि शेवटी ‘पुढचा अंक लवकरच’ अशी पाटी उरते. तेव्हा महिन्यातून एकदाच काढा, पण दिवस ठरवून काढा. अमावास्येनंतरचा पहिला बाजार म्हटला, तर तोच. दिवस चुकला नाही, तर वाचकाला वाट पाहायची सवय लागते. आणि वाट पाहणारा वाचक असला, की लिहिणाऱ्यालाही आळस करता येत नाही.

दुसरा धडा लोकहितवादींचा. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहिली. १८५० पर्यंत ती १०८ झाली. पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध पावली. एकेक विषय घ्यायचा, त्यावर आपले म्हणणे रोखठोक मांडायचे आणि थांबायचे, अशी ती छोटी छोटी पत्रे. त्यांनी मनातले सारे एकाच अंकात ओतले असते तर? पहिल्या अंकात सगळी शिदोरी सोडून बसणारा दुसऱ्या मुक्कामाला उपाशी राहतो. म्हणून पहिला अंक लावण्याआधी पुढच्या दोन अंकांचा मजकूर पेटीत तयार ठेवा. सुगीच्या दिवसांत तोच तारून नेईल.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, ही झाली मुंबईची माणसं. आमच्या खेड्यात लिहायला आहे काय?” त्याला उत्तर मुकुंदराव पाटलांनी दिले आहे. १९१० साली त्यांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले आणि अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, तरवडीसारख्या खेड्यातून ते वर्षानुवर्षे चालविले. शेतकऱ्याचे कर्ज, सावकारी, जातिभेद, अंधश्रद्धा हे त्याचे विषय. खेडे ही त्यांची अडचण नव्हती. खेडे हेच त्यांचे भांडवल होते.

तुमच्या गावाचेही तसेच आहे. देशाच्या राजकारणावर लिहायला शहरातली वर्तमानपत्रे आहेत. पण १९७२ च्या दुष्काळात गावातली कोणती विहीर आटली नाही, हे ती छापणार नाहीत. कोणत्या शेताला कोणते नाव आहे आणि ते का पडले, पूर्वी कोणते जोंधळ्याचे वाण पेरत, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज ओट्यावर बसलेली आहेत. ती गेली, की हे सारे त्यांच्याबरोबर गेले. मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. एका अंकात एकच म्हातारा, एकच आठवण. पण ती नाव-गाव-साल विचारून लिहिलेली असावी.

लिहिताना चूक होणारच. कोणी रागावून आला, तर त्याला बसवून घ्या, ऐकून घ्या. त्याचे म्हणणे खरे निघाले, तर पुढच्या अंकात त्याच जागी दुरुस्ती लावा. खोटे निघाले, तर कागद काढू नका. गावाचा विश्वास बसतो तो अशानेच.

आणि समजा, इतके करूनही अंक बंद पडला तर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. म्हणून त्यांनी लेखणी ठेवली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. सांगण्यासारखे काही असले, की पुन्हा आरंभ करता येतो.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, पहिल्या अंकाचा थाट थोडा कमी करा. नारळ हवा तर तिसऱ्या अंकाला फोडा. आणि प्रत्येक अंकाची एक प्रत शाळेच्या कपाटात तारीख घालून जपून ठेवा. आज तो नुसता कागद वाटेल. आणखी वीस वर्षांनी गावाला आपली जुनी हकिकत हवी असेल, तेव्हा ती तिथेच सापडेल.