भिंतीच्या भेगेतून पेशीच्या आत

पावसाची झड लागली, की आपल्या वऱ्हाडात घरोघरी कुणाला ना कुणाला ताप येतोच. बहुतेक ताप तीन-चार दिवसांत उतरतात. आपणही ते फारसे मनावर घेत नाही. पण एक ताप असा आहे, की तो तीन-चार दिवसांची सवड देत नाही. सकाळी अंगणात खेळणारं मूल दुपारी तापानं फणफणतं, त्याला उलट्या होतात, रात्री झटके येतात आणि उजाडेपर्यंत ते शुद्धीवर राहत नाही. हा ताप आणणाऱ्या विषाणूचं नाव आपल्या विदर्भातलंच आहे. चांदीपुरा.

१९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना दोन रुग्णांच्या रक्तात एक नवाच विषाणू सापडला. तिथल्या चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचं नाव ठेवलं गेलं आणि १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. १९५२ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. पुढं बरीच वर्षं या विषाणूचं नाव सामान्य माणसाच्या कानावर आलं नाही. २००३ च्या पावसाळ्यात मात्र आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वरानं आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही त्याची झळ बसली. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व भागात, २००७ मध्ये नागपूर विभागात तो पुन्हा दिसला. २०२४ च्या जून ते ऑगस्ट या काळात देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले ८२ दगावले. बहुतेक रुग्ण गुजरातमधले होते आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याचं तपासणीत सिद्ध झालं.

मी रिसोड तालुक्यातल्या केनवडला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. विषाणूचा धडा आला, की मुलं हमखास विचारतात, "सर, विषाणू जिवंत असतो का मेलेला?" आणि पालकभेटीत मोठी माणसं विचारतात, "गुरुजी, एवढं महागाचं इंजेक्शन दिलं, तरी ताप का उतरत नाही?" वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण पहिल्याचं उत्तर कळलं, की दुसऱ्याचं आपोआप कळतं.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक चालता कारखानाच. मधोमध केंद्रक, तिथं सगळे मूळ आराखडे. तिथून निरोपाच्या चिठ्ठ्या बाहेर येतात. बाहेर रायबोसोम नावाची यंत्रं असतात, ती चिठ्ठी वाचून प्रथिनं तयार करतात. विषाणूकडं यातलं काही नसतं. त्याला तोंड नाही, पोट नाही, श्वास नाही. चांदीपुऱ्याचा विषाणू म्हणजे अकरा हजारांच्या आसपास अक्षरांचा एक मजकूर, तो गुंडाळून ठेवणारी प्रथिनं आणि वरून एक तेलकट आवरण. त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा. एक टोक गोल, दुसरं सपाट. लहान किती, तर असे सुमारे सहा हजार विषाणू एकापुढं एक मांडले, तर कुठं एक मिलिमीटर भरेल. पेशीच्या बाहेर तो नुसता पडून असतो. पेशीत शिरला, तरच त्याचं काही चालतं.

शिरतो कसा? त्याच्या आवरणावर काट्यांसारखी प्रथिनं असतात. हे काटे पेशीच्या पडद्यावरच्या काही रेणूंना चिकटतात. पेशीला वाटतं, काहीतरी कामाचा माल आला. ती पडदा आत ओढून घेते आणि एक छोटी पिशवी करून विषाणूला आत नेते. या पिशवीत थोड्या वेळानं आंबटपणा वाढतो. एरवी आत आलेला माल निवडण्यासाठी, पचवण्यासाठी पेशीनं केलेली ही सोय. पण आंबटपणा वाढताच विषाणूचे काटे आपला आकार बदलतात, विषाणूचं आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळून टाकतात आणि आतला मजकूर पेशीत मोकळा होतो. पेशीच्या सोयीचाच तो असा उपयोग करून घेतो.

हा मजकूर उलटा असतो. जुन्या छापखान्यात खिळ्यांवर अक्षरं उलटी असायची, कागदावर ठसा उमटला की सुलटी व्हायची, तसंच समजा. पेशीचं यंत्र उलटा मजकूर वाचू शकत नाही. म्हणून हा विषाणू नक्कल करणारं एक प्रथिन सोबतच घेऊन येतो. ते उलट्या मजकुरावरून सुलट्या चिठ्ठ्या काढतं. मग पेशीची रायबोसोमं त्या चिठ्ठ्या आपल्याच समजून विषाणूची प्रथिनं तयार करू लागतात. अवघी पाच प्रकारची प्रथिनं, पण पाचांत सगळं भागतं. त्यातलं एक तर केंद्रकातून निघणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या चिठ्ठ्याच अडवून धरतं. म्हणजे कारखाना चालू, पण मालकाचं काम बंद आणि परक्याचं जोरात. काही तासांतच नवे विषाणू पेशीच्या पडद्याचं आवरण पांघरून बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. पहिली पेशी शेवटी मरते.

त्वचेची पेशी मेली, तर नवी येते. मेंदूच्या पेशीचं तसं नाही. चांदीपुऱ्याचा विषाणू मेंदूत पोचला, की तिथल्या पेशी मरू लागतात. शरीरही गप्प बसत नाही. विषाणू आल्याची वर्दी मिळताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजाऱ्यांना सावध करतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. ताप हा या लढाईचाच भाग. पण मेंदू कवटीच्या बंद पेटीत असतो. तिथं सूज आली, की पसरायला जागा नाही. झटके, बेशुद्धी आणि श्वास थांबणं यामागं हेच कारण असतं.

आता त्या इंजेक्शनचा प्रश्न. पेनिसिलिनसारखं प्रतिजैविक जिवाणूची भिंत मोडतं. दुसरी काही प्रतिजैविकं जिवाणूच्या रायबोसोमवर घाव घालतात. ते रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून आपण वाचतो. विषाणूला भिंत नाही आणि रायबोसोम तर आपलंच वापरतो. मग औषधानं घाव घालायचा कुठं? विषाणूवरची औषधं म्हणूनच शोधायला अवघड असतात आणि ती त्या-त्या विषाणूपुरतीच लागू पडतात. चांदीपुऱ्यावर आजही खास औषध नाही, लसही वापरात नाही.

याच्या घराण्यातला एक विषाणू आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येणारा रेबीज. तोही गोळीच्याच आकाराचा. पण तो चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडं जातो. बहुधा त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून चावल्यानंतर लगेच जखम साबण-पाण्यानं धुतली आणि लस घेतली, तर जीव वाचतो. चांदीपुरा एवढा वेळ देत नाही. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत सगळा निकाल लागू शकतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त.

मग उपचार नाहीच का? आहे, आणि इथंच घरच्यांचा निर्णय मोलाचा ठरतो. रुग्णालयात झटके थांबवता येतात, मेंदूची सूज कमी करता येते, रक्तातली साखर सांभाळता येते, श्वासाला आधार देता येतो. विषाणूशी लढायचं काम शरीरच करतं. त्याला तेवढा अवधी मिळवून द्यायचा, हाच उपचार. म्हणून पावसाळ्यात मुलाला जोराचा ताप आला आणि त्यासोबत उलट्या, झटके, बरळणं किंवा न उठणारी गुंगी दिसली, तर 'बाहेरचं' झालं म्हणून उतारे काढत बसू नका. कांदा किंवा वहाण हुंगवू नका. मुलाला एका कुशीवर निजवा, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि रात्र असली तरी निघा. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

आणि विषाणू येतो कुठून, तेही लक्षात ठेवा. तो मुख्यतः वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. एका माणसाकडून दुसऱ्याला झाल्याचं आढळलेलं नाही, तेव्हा आजारी मुलाजवळ जायला भिऊ नका. वाळूमाशी डासाहून लहान, दोन-तीन मिलिमीटरची. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही ती आत येते. तिला लांब उडता येत नाही. ती टुणटुण उड्या मारत जमिनीलगतच फिरते आणि बहुधा रात्री चावते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचे ढीग ही तिची घरं. साचलेलं पाणी तिला लागत नाही. डबकी बुजवली, टाकी झाकली, की डास कमी होतात, पण वाळूमाशीचं त्यानं काही बिघडत नाही.

आमच्याकडं सिमेंटची घरं वाढली, तरी गोठा बहुतेकांचा मातीचाच आहे आणि तो घराला लागूनच आहे. म्हणून मृगाच्या आधी पेरणीची तयारी करता, तसा एक दिवस या कामाला काढा. घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा मातीनं किंवा सिमेंटनं बुजवून घ्या. उकिरडा घरापासून लांब न्या. फवारणीवाले आले, तर "वरच्या खोलीत नको" म्हणून त्यांना परत पाठवू नका, गोठ्यातही फवारून घ्या. मुलांना जमिनीवर उघडं न निजवता खाटेवर, अंगभर कपड्यांत आणि बारीक जाळीच्या, औषध लावलेल्या मच्छरदाणीत निजवा.

पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूला हुडकून काढणारं औषध एक दिवस निघेल. शास्त्रज्ञ त्या कामाला लागलेले आहेत. तोवर भिंतीतली भेग बुजवणं तेवढं आपल्या हातात आहे आणि त्याला घमेलंभर माती पुरते.