नाकातले जिवाणू आणि जुनाट सायनस

कपाळात, गालांच्या हाडांत आणि डोळ्यांच्या आसपास हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. याच सायनस. त्यांच्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस सतत हलत राहून चिकट स्राव अरुंद तोंडांवाटे नाकाकडे ढकलतात. नाक चोंदणे, घट्ट शेंबूड, चेहऱ्यावर जडपणा, वास न येणे या तक्रारी १२ आठवड्यांहून अधिक टिकल्या, की सूज जुनाट झाली असे डॉक्टर मानतात. काही रुग्णांत सुजलेले अस्तर पाणी धरते आणि द्राक्षांच्या घोसासारखे नाकात लोंबू लागते. हे पॉलिप. गावाकडे ‘नाकात मांस वाढलं’ म्हणतात ते बहुधा हेच.

निरोगी सायनस जंतुमुक्त असतात, असे पूर्वी समजले जाई. स्रावातील जनुके वाचण्याचे तंत्र आल्यावर ही समजूत मोडली. निरोगी नाकातही कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस, क्युटिबॅक्टेरियम अशा जिवाणूंचा कायमचा मुक्काम असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील केंद्रांच्या अभ्यासात पॉलिप असलेल्या रुग्णांच्या नाकात कोरिनेबॅक्टेरियमचे प्रमाण निरोगी लोकांपेक्षा कमी आढळले. मात्र या गटातले सगळेच जिवाणू उपकारक नाहीत. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१२ मध्ये याच गटातला एक जिवाणू रुग्णांत वाढलेला दाखवला. उंदरांच्या नाकात तो सोडल्यावर सूज आली, आणि सोबत लॅक्टोबॅसिलस दिल्यावर ती रोखली गेली. म्हणून एखाद्या जिवाणूला सरसकट मित्र वा शत्रू ठरवण्यापेक्षा त्याच्याभोवती कोण राहते हे पाहणे अधिक उपयोगाचे.

पॉलिपच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यास झाला तो स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. पुष्कळ धडधाकट माणसांच्या नाकातही तो काही न करता राहतो. पॉलिपच्या रुग्णांत मात्र तो अधिक वेळा सापडतो आणि त्याची काही विषे प्रतिकारपेशींना घाऊक चेतवतात. एरवी ठरावीक परक्या घटकाला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी जाग्या होतात. या विषांमुळे असंख्य पेशी एकदम कामाला लागतात. अॅलर्जीत दिसणारी आयजीई प्रतिपिंडे आणि इओसिनोफिल पेशी वाढतात, अस्तर फुगते आणि दमाही बळावतो. हा जिवाणू चिकट थर करून राहतो, त्यामुळे प्रतिजैविके त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याच्यावर मात करणारा लुगडुनिन हा पदार्थ शोधला, तोही नाकातल्याच दुसऱ्या एका स्टॅफिलोकॉकसकडून मिळालेला. शेजारी जिवाणूच एकमेकांना आवर घालतात, याचा हा ठळक पुरावा.

जिवाणूंचे हे असंतुलन सुजेमागचे कारण, की सुजेचा परिणाम, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. शिवाय परदेशी निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू करणे घाईचे ठरेल.

अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीसारख्या वऱ्हाडी गावात तर जिवाणूंसोबत बुरशीचाही विचार टाळता येत नाही. मळणीची धूळ, जिनिंगमधला कापसाचा तूस, ओलसर कडबा यांतून बुरशीचे बीजाणू श्वासावाटे नाकात जातात. १९९९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने सायनसच्या ९६ टक्के रुग्णांत बुरशी दाखवली, पण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांतही ती होतीच. पुढे बुरशीनाशक औषधाने नाक धुण्याच्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे बुरशी असणे वेगळे आणि शरीराने तिच्याविरुद्ध पेटून उठणे वेगळे. भारतात अॅलर्जीजन्य बुरशी-सायनसमध्ये अस्परजिलस फ्लेव्हस प्रामुख्याने आढळते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात थैमान घालणारा म्युकरमायकोसिस हा मात्र निराळा, ऊती पोखरणारा आजार. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडच्या माऱ्याने प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना त्याने गाठले.

उपचारांत पहिले स्थान मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला आणि स्टिरॉइडच्या फवाऱ्याला आहे. वारंवार प्रतिजैविके घेतल्याने उपयोगी जिवाणूही मरतात आणि दाद न देणारे जिवाणू टिकून राहतात. दर सर्दीला दुकानातून गोळ्या आणणे म्हणूनच घातक. नाकासाठीचे प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे औषध, अजून प्रयोगावस्थेतच आहे. फवाऱ्याने न आटोपणाऱ्या पॉलिपसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, पण सूज कायम राहिली तर पॉलिप पुन्हा येतात. अशांसाठी डुपिलुमॅबसारखी महागडी इंजेक्शने २०१९ पासून अमेरिकेत मान्य आहेत.

नाक धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या, विहिरीच्या वा कित्येक दिवस साठवलेल्या पाण्यात अमीबा असू शकतो, आणि नाकातून मेंदूत शिरलेला नेग्लेरिया अमीबा बहुतेक वेळा जीव घेतो. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले पाणी मुळातच खारे आहे म्हणून ते तसेच वापरू नये. पेलाभर उकळलेल्या गोड पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ पुरते.

एकाच नाकपुडीत वाढलेली गाठ, नाकातून वारंवार रक्त, डोळ्याभोवती सूज किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता अकोल्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.