डोकेदुखी, उलट्या आणि लाल डोळा

गेल्या महिन्यात साठीच्या एक काकू रात्री दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, पित्त फार खवळलंय." डोके गच्च धरलेले, दोन उलट्या झालेल्या. मी इंजेक्शन भरणारच होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय." मी टॉर्च घेतला. उजवा डोळा लालभडक, बुबुळ धुरकट, बाहुली मोठी, उजेडाने आकसेना. मिटलेल्या पापणीवरून चाचपला तर डोळा गोटीसारखा कडक.

हा पित्ताचा नव्हे, काचबिंदूचा तीव्र झटका. डोळ्यातील पाण्याची बाहेर जायची वाट एकदम बंद होते. एरवी १० ते २१ असणारा दाब ४०-५० च्याही वर जातो, आणि दृष्टीची नस चेपली जाते.

वीस वर्षांपूर्वी अशाच एका बाईंना मी पित्ताचे औषध देऊन घरी पाठवले होते. तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा तो डोळा गेला होता. चूक माझीच.

काकूंना सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार नाही ना, हे विचारून ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या व त्याच रात्री नेत्रतज्ज्ञांकडे धाडले. तेथे मॅनिटॉलची सलाईन, थेंब. दाब उतरल्यावर लेसरने डोळ्याच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र. दुसऱ्या डोळ्यालाही तेच, कारण त्याची ठेवणही तशीच अरुंद असते.

चाळिशी उलटलेल्या, प्लस नंबरचा चष्मा असलेल्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, हे ध्यानात ठेवावे. सर्दीच्या व पोटातील मुरड्याच्या काही गोळ्यांनीही असा झटका येतो.

काकू मात्र अजून कुरकुरतात, "चांगल्या डोळ्याला भोक कशाला पाडलं?"