हिशेबाच्या वहीशेजारी रंगपेटी

२०२४ च्या जून महिन्यातील गोष्ट. बारावीचा निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले होते. या दिवसांत संध्याकाळी वस्तीतील मुले-मुली अर्ज भरून घेण्यासाठी आमच्या घरी येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. आम्ही पडलो कारकून, कागदांची सवय असलेले, म्हणून हे काम आपोआपच आमच्याकडे आले. त्या दिवशी एक मुलगी आईला घेऊन आली. बारावी वाणिज्यला चांगले गुण आणि अर्ज बी.कॉम.चा. सगळे भरून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, बी.कॉम.ला चित्रकला घेता येते का?"

आम्ही हसलो. म्हटले, "बाळा, बी.कॉम.ला अकाउंटन्सी घेतात. चित्रकलेचे कॉलेज वेगळे." तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "मी हेच सांगते दादा. चित्रं काढून कुणाची चूल पेटली? बँकेची परीक्षा दे म्हणावं." मुलगी गप्प झाली. अर्ज घेऊन दोघी निघून गेल्या.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. त्याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे.

आम्ही शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या कला संचालनालयाच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. रंगपेटी मावसभावाची, ब्रश उसना. वस्तीत १४ एप्रिल जवळ आला की कापडी फलक रंगवायला आम्हालाच बोलावणे येई. चित्रकलेचे सर म्हणाले होते, हा मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायला हवा. वडिलांनी सरांना हात जोडले आणि आमचे नाव वाणिज्य शाखेत घातले. वडिलांचे चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही. घरात खाणारी तोंडे सात आणि मिळवता हात एक. मुंबईत चार-पाच वर्षे राहण्याचा खर्च कोण करणार? आम्ही बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, संसार उभा राहिला. पुढे फ्लेक्स आले आणि कापडी फलकही गेले. रंगाचे डबे माळ्यावर सुकून गेले.

म्हणजे आमच्यापुढे वाटा दोनच होत्या. भाकरी किंवा रंग. आणि त्या मुलीलाही आम्ही न विचार करता तेच दोन रस्ते दाखवले. हे बरे केले का?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौकशीला लागलो. तेव्हा कळले की आमचे ज्ञान जुने झाले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचनाच बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला. त्यात विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात, आणि त्याच्या जोडीला एक दुसरा विषय असतो, तो मायनर. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात. त्यांतील ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. राज्य व विद्यापीठ यांप्रमाणे आकड्यांत थोडा फरक पडतो. उरलेले श्रेयांक भाषा, कौशल्ये वगैरेंचे. मायनर हा मुख्य विषयाच्याच शाखेतला असला पाहिजे असे बंधन नाही.

याच आराखड्यात शिकण्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत व्याख्यान, प्रयोगशाळा यांच्याबरोबर 'स्टुडिओ'चेही नाव आहे. स्टुडिओ म्हणजे फोटो काढण्याचे दुकान नव्हे. जिथे विद्यार्थी स्वतः हाताने चित्र, शिल्प, मुद्राचित्र घडवतो आणि शिक्षक शेजारी उभे राहून दुरुस्ती सांगतात, ती खोली. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला दोन तास. आम्ही कारकुनी पद्धतीने हिशेब मांडला. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर एका श्रेयांकाचे तीस तास. चोवीस श्रेयांकांतील निम्मे जरी प्रात्यक्षिकाचे असले तरी ३६० तास हातात पेन्सिल-ब्रश! आमच्या उभ्या शालेय आयुष्यात चित्रकलेला इतके तास मिळाले नव्हते.

अमेरिकेतील विद्यापीठांत ही पद्धत फार जुनी आहे. तेथे गणित किंवा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी रेखाटन, रंगकाम, शिल्प असे मोजके अभ्यासक्रम पुरे करून चित्रकला हा मायनर विषय घेतो. आणि मुख्य विषयाला दुसऱ्या विषयांची जोड देऊन शिकलेला एक विद्यार्थी तर आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर आहे! बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय होते. एवढेच नव्हे, आयुष्याच्या शेवटच्या काळात, प्रकृती साथ देत नसताना, ते व्हायोलिन आणि चित्रकलाही शिकत होते. ज्यांच्या खांद्यावर एवढे काम होते, त्यांना चित्रकला रिकामपणाचा उद्योग वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

आणि आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चित्रकला परकी आहे का? निजामशाहीच्या काळात, १५६५ च्या सुमारास, येथे 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी तयार झाली. दख्खनी चित्रशैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. ती पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील काही चित्रांत सुलतानाच्या शेजारी बसलेली राणी पुढे कोणीतरी पुसून टाकलेली दिसते. चित्रात कोणाला ठेवायचे आणि कोणाला पुसायचे, हे ज्याच्या हाती सत्ता आणि ब्रश आहे तो ठरवतो. म्हणून आपल्या मुलामुलींच्या हातीही ब्रश असावा असे आम्हाला वाटते. आजच्या काळातले पाहायचे असेल तर नगरच्या महावीर कलादालनात चित्रकार प्रमोद कांबळे यांनी पेन्सिलीने काढलेले प्रचंड चित्र आहे. देशातील नामवंतांचे शेकडो चेहरे त्यात आहेत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा आणि एक साधी पेन्सिल काय करू शकते ते दाखवा.

आता खरी अडचण सांगतो. नियम कागदावर आहे. परंतु मायनर म्हणून कोणते विषय द्यायचे हे महाविद्यालयात काय शिकवले जाते यावर ठरते. ज्या महाविद्यालयात चित्रकलेचा शिक्षक नाही, खोली नाही, तेथे नियम असूनही विषय मिळत नाही. आम्ही त्या मुलीला घेऊन एका महाविद्यालयात गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले, "असा विषय आमच्याकडे नाही. अर्थशास्त्र घ्या." त्यांचा दोष नाही. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते.

तरीही आम्ही मोकळ्या हाताने परतलो नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली पदवी अभ्यासक्रमाची जी रचना ठरवली, तिच्यात सहअभ्यासक्रम नावाचा एक भाग आहे. त्यात खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या बरोबरीने ललित, उपयोजित आणि दृश्य कलाही आहेत. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते आणि मुले यादीत जे पहिले दिसेल ते घेऊन मोकळी होतात. त्या मुलीने तेथे कला निवडली. भाकरी पुरी नाही, पण चतकोर तरी हाती आली.

पालकांची दिशाभूल होऊ नये म्हणून हेही सांगतो. मायनर विषय घेतल्याने कोणी शाळेत चित्रकलेचा शिक्षक होत नाही, त्यासाठी ए.टी.डी. ही कला शिक्षक पदविका आहे. ज्याला चित्रकार किंवा शिल्पकार म्हणूनच जगायचे आहे, त्याने बी.एफ.ए.ची चार वर्षांची पदवी धरावी. त्याची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांची ती वाट आहे. घरची ऐपत आणि मुलाची जिद्द असेल तर ती वाट अडवू नका. मायनर आहे तो ज्याला घरासाठी वाणिज्य, विज्ञान किंवा कला शाखेची पदवी घ्यायचीच आहे, पण हातातली कला मरू द्यायची नाही, त्याच्यासाठी. हिशेब जाणणारा आणि नजर असलेला माणूस छापखान्यात, जाहिरातीच्या कामात, कापडाच्या व्यवसायात, स्वतःच्या दुकानातही दोन पावले पुढे राहतो. आणि समजा एक पैसाही मिळाला नाही, तरी वस्तूकडे नीट पाहायला शिकलेला माणूस माणसाकडेही नीट पाहतो.

तेव्हा माता-भगिनींनो, प्रवेशाच्या वेळी खिडकीवर चार प्रश्न जरूर विचारा. मायनरच्या यादीत कोणते विषय आहेत? दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो का? प्रात्यक्षिक कोठे होते आणि शिकवणारे शिक्षक नेमलेले आहेत का? साहित्याचा खर्च कोणाचा? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. पण रंग-कागदाची तजवीज घरून करावी लागेल असे धरून चाला. सुरुवातीला महागडे साहित्य नको. एक मऊ पेन्सिल आणि जुन्या बिलांचे पाठकोरे कागद पुरे. आणि घरात सातवी-आठवीचे मूल असेल तर त्याला एलिमेंटरीला बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात.

एकट्याने विचारले तर उत्तर मिळते, "नाही." म्हणून त्या मुलीने वर्गातल्या आणखी अकरा जणांना गोळा केले. कोणी हमालाचा मुलगा, कोणी रिक्षावाल्याची मुलगी. सर्व समाजांची मुले आहेत त्यात. चित्रकला हा मायनर विषय सुरू करावा असा अर्ज त्यांनी प्राचार्यांना दिला. मसुदा आम्ही करून दिला, पण अक्षर तिचे आहे. अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. पोहोच मात्र घेतली आहे आणि तिची प्रत आमच्या फायलीत आहे. आम्ही पाठपुरावा सोडणार नाही.

मागच्या महिन्यात तिची आई भेटली. म्हणाली, "दादा, पोरीनं माझं चित्र काढलं. भांडी घासताना. मी म्हटलं, अगं, हे काय चित्र काढण्यासारखं आहे?" आणि मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "पण हात अगदी माझेच काढलेत हो."

ते चित्र त्यांच्या घरात भिंतीवर लावले आहे. आम्ही पाहून आलो. घरी आल्यावर माळ्यावरचे डबे खाली काढले. रंग वाळून दगड झाले होते. पण एक ब्रश धुतल्यावर चांगला निघाला.